पालिकेला कचऱ्याचा आराखडा करावाच लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा: साधारण साठ हजार लोकवस्तीच्या एका नगरपरिषदेकडे एका नागरिकाने घनकचरा व्यवस्थापनाचा आराखडा मागितला. उत्तर आलं, ‘सदर काम प्रक्रियेत असून निधी व जागेअभावी विलंब होत आहे.’ त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आराखडा करणं पालिकेवर कायद्याने बंधनकारक आहे का? आणि कचरा उचलणं सोडाच, तो मुळात कमी व्हावा यासाठी पालिकेला जबाबदार धरता येतं का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’, त्यात पळवाट नाही. दुसऱ्याचंही उत्तर ‘हो’च आहे, पण ते सिद्ध करायला जरा जास्त कागद चाळावे लागतात आणि बहुतेक तक्रारदार नेमके चुकीचे कागद मागतात. माझं बरंचसं काम पालिकांचे असे आराखडे आणि डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल तपासण्याचं असल्याने हा दुसरा भाग मी लांबवणार आहे.

आधी पाया. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने कलम २४३ डब्ल्यू आलं आणि त्याला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन आलं. नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचं कलम ४९ आणि महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचं कलम ६३ बघा. रस्तेसफाई आणि कचऱ्याची विल्हेवाट तिथे आवश्यक कर्तव्यांत आहे. परवडलं तर करायच्या ऐच्छिक कामांची यादी वेगळी आहे.

आराखड्याचं बंधन मात्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालच्या नियमांतून येतं. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्या प्रकरणातून २००० सालचे नियम निघाले आणि कचऱ्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारायला ३१ डिसेंबर २००३ ही मुदत मिळाली. ती पाळली गेली नाही हे कुठल्याही गावाच्या वेशीवर दिसतं. मग ८ एप्रिल २०१६ रोजी नवे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. त्यातला नियम १५ स्थानिक संस्थांच्या कर्तव्यांचा आणि त्यातलं पहिलंच कलम आराखड्याचं: राज्याचं धोरण अधिसूचित झाल्यापासून सहा महिन्यांत आराखडा करा आणि त्याची प्रत वर पाठवा. घरोघरी संकलन, कचरावेचकांना सामावून घेणं, उपविधी म्हणजे पालिकेचे स्वतःचे नियम, वापरशुल्क हे सगळं त्याच्या मागून येतं. क्रम मुद्दाम तसा आहे. आराखडा नसताना घेतलेल्या घंटागाड्या म्हणजे नुसती वाहनखरेदी.

आता हे २०१६ चे नियमही बदललेत. जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. ‘जुने नियम गेले, म्हणजे जुनं सगळं माफ’ असं एखादा अधिकारी सांगेल. तसं नसतं. जुने नियम बाजूला सारून त्यांच्या जागी नवे आणताना त्या काळात केलेल्या आणि न केलेल्या गोष्टी वगळूनच केले जातात, त्यामुळे आधीच्या वर्षांतली कसूर पुसली जात नाही.

निधी नाही, हे उत्तर १९८० सालीच निकाली निघालं आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाममधल्या रहिवाशांनी उघडी गटारं आणि घाणीविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली, दंडाधिकाऱ्यांनी पालिकेला आदेश दिला, आणि पालिका ‘पैसे नाहीत’ म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की, वैधानिक कर्तव्य टाळायला पैशाची चणचण हे कारण होऊ शकत नाही. रतलाम नगरपरिषद विरुद्ध वर्धिचंद हा तो निकाल. रहिवाशांनी वापरलेलं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. ते अजूनही चालतं, फारसं कोणी वापरत नाही एवढंच.

जागेचं कारण थोडं वेगळं हाताळावं लागतं, कारण त्यात तथ्य असतं. पालिकेच्या हद्दीत जागा नसते आणि शेजारच्या गावाला कचरा डेपो नको असतो, त्यांचंही बरोबरच आहे. पण २०१६ च्या नियम १२ ने प्रक्रिया आणि विल्हेवाटीसाठी जागा शोधून मिळवून देण्यात मदत करण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलं होतं, एका वर्षाच्या मुदतीसह. वर दर तिमाहीला किमान एकदा स्थानिक संस्थांच्या कामाचा आढावाही त्यांनीच घ्यायचा होता. त्यामुळे ‘जागा नाही’ असं लेखी उत्तर मिळालं की पुढचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात टाका: पालिकेने जागेची मागणी कोणत्या तारखेला केली आणि तिमाही आढाव्याची इतिवृत्तं कुठे आहेत? पालिकेने मागणीच केलेली नाही, हे कळण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

नियोजन न केल्याने कोणाचं काय बिघडतं, असा प्रश्न नगरसेवकही विचारतात. बिल्डरांना विचारा. एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी आणली ती कचऱ्याच्याच मुद्द्यावर. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या क्षेपणभूमीला (डम्पिंग ग्राउंडला) मोठी आग लागली आणि पुढच्याच महिन्यात मुंबईतल्या नव्या बांधकामांवरही तशीच बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाकडून सशर्त दिलासा मिळायला मार्च २०१८ उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, घनकचऱ्याचं धोरण न्यायालयापुढे आलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह काही राज्यांतली बांधकामं थांबवली. ती बंदी काही महिन्यांनी उठली, पण एका न सादर झालेल्या कागदापायी राज्यभरातले प्रकल्प अडकले होते. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० मध्ये तर दरच ठरवून दिला: १ एप्रिल २०२० पासून नियम न पाळणाऱ्या प्रत्येक स्थानिक संस्थेला दरमहा भरपाई, दहा लाखांवरच्या लोकसंख्येला १० लाख रुपये, पाच ते दहा लाखांना ५ लाख, बाकी सगळ्यांना १ लाख. साठ हजारांचं गाव या शेवटच्या गटात बसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा आणि सांडपाणी मिळून महाराष्ट्रावर लवादाने बसवलेली भरपाई १२ हजार कोटी रुपयांची होती.

बंधनाचा विषय इथे संपतो. आराखडा म्हणून जे हाती येतं त्याचं काय, हा खरा मुद्दा.

बहुतेक ठिकाणी तुम्हाला जो ‘आराखडा’ दाखवला जाईल तो डीपीआर असेल. दोन्ही एक नव्हेत. डीपीआर हा निधी मिळवण्यासाठी केलेला प्रकल्प अहवाल: यंत्रं किती, शेड किती, रस्ता किती, रक्कम किती. शहरात कुठल्या प्रकारचा कचरा किती निघतो, तो कुठे कमी करता येईल, उरलेल्याचं काय आणि शेवटी क्षेपणभूमीवर किती जाईल, हे आराखड्याने सांगायचं असतं. डीपीआरचं पहिलं पान उघडा. साठ हजार लोकसंख्या गुणिले माणशी रोज ३०० ग्रॅम, म्हणजे १८ टन, असं गणित दिसेल. लहान शहरांसाठी माणशी २०० ते ३०० ग्रॅम हा ठोकताळा केंद्राच्या मार्गदर्शिकेतला आहे, आणि तो प्रत्यक्ष मोजणी नसताना वापरायचा आहे. गावात आठवडी बाजार आहे का, वसतिगृहं किती, यात्रा भरते का, यातलं काहीही त्या ३०० ग्रॅममध्ये नसतं.

प्रत्यक्ष मोजणी झाली आहे का हे ओळखायला वजनकाट्याच्या पावत्या मागवा. पावतीवर गाडीचा क्रमांक, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन असतं. महिनाभराच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र आपोआप उभं राहतं. एकाच गाडीचं रिकामं वजन महिनाभर किलोलाही हलत नसेल तर ते काट्यावर घेतलेलंच नाही, एकदा भरलेला आकडा पुढे ओढला आहे. चालक बसलेला आहे की उतरलेला, डिझेल भरलंय की संपत आलंय, एवढ्यानेही आकडा हलायला हवा. जुलैत वजन फुगतं, कारण ओल्या कचऱ्यात पावसाचं पाणी मिसळतं. आणि गटारातला गाळ, रस्त्यावरची माती घरगुती कचऱ्याच्या गाडीत टाकली की शहराचा ‘कचरा’ वाढतो आणि बिलही.

इथून प्रतिबंधाकडे, म्हणजे कचरा मुळात कमी होण्याकडे वळू. कचरा कमी करण्याचं कर्तव्य २०१६ च्या नियमांत होतं, पण दुबळं. राज्याच्या धोरणाने कचरा घटवणं, पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरणावर भर द्यावा असं होतं. पालिकेच्या वाट्याला घरगुती खतनिर्मिती आणि बायोगॅसला प्रोत्साहन, आणि ‘कमीत कमी कचरा निर्माण करा’ अशी जनजागृती, एवढंच आलं. जनजागृती म्हणजे आपल्याकडे भिंत रंगवणं. म्हणून ‘प्रतिबंधासाठी काय केलं’ असं विचारलं की भिंतीचे फोटो येतात. २०२६ च्या नियमांनी ही उतरंड उघड मांडली आहे: आधी प्रतिबंध, मग घट, पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण, ऊर्जा वगैरे मिळवणं आणि सगळ्यात शेवटी विल्हेवाट. वर्गीकरण तीनऐवजी चार प्रकारांत झालं: ओला, सुका, स्वच्छताविषयक म्हणजे डायपर-पॅड, आणि विशेष काळजीचा म्हणजे औषधं, रंगाचे डबे, बल्ब वगैरे. वर्गीकरण न केलेला कचरा क्षेपणभूमीवर नेला तर शुल्क जास्त. तेव्हा आता पालिकेने उतरंडीच्या वरच्या पायऱ्या का सोडल्या हे कायद्याचा आधार घेऊन विचारता येतं.

पण पालिकेच्या हातात असतं तरी काय? वेष्टनं ती बनवत नाही. बिस्किटाच्या पुड्यामागच्या बहुस्तरीय प्लास्टिकसाठी मुख्याधिकाऱ्यांना धारेवर धरणं मला अन्याय्य वाटतं. ती जबाबदारी उत्पादकांची, आणि तिची अंमलबजावणी केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे. मात्र बऱ्याच चाव्या पालिकेकडेच आहेत आणि त्या गंजत पडलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चावी मोठ्या कचरानिर्मात्यांची. २०१६ पासून रोज १०० किलोंवर कचरा करणारे यात होते. आता २० हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्र किंवा रोज ४० हजार लिटर पाणीवापर या कसोट्याही आल्यात, तिन्हींपैकी एक लागू झाली की पुरे. मंगल कार्यालयं, हॉटेलं, महाविद्यालयांची वसतिगृहं, बाजार समिती, मोठ्या सोसायट्या. यांची यादी पालिकेकडे आहे का, हा माझ्या मते सगळ्या तपासणीतला सर्वात बोलका प्रश्न. यादी नसेल तर त्या शहरात प्रतिबंध सुरूच झालेला नाही. यादी असेल आणि त्यातल्या प्रत्येकाने ओला कचरा आवारातच जिरवला, तर गाड्यांच्या फेऱ्याच कमी होतात. बाकीच्या चाव्या पटकन सांगतो: बांधकाम परवानगी देताना आवारातल्या प्रक्रियेची अट घालणं आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी ती तपासणं, घरी खत करणाऱ्यांना मालमत्ता करात सूट, शंभरांहून जास्त लोकांच्या कार्यक्रमाची तीन कामकाजी दिवस आधी सूचना घेण्याची २०१६ पासूनची तरतूद, २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अंमलबजावणी, जिच्यात पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड आहे, आणि पालिकेचे स्वतःचे समारंभ. सर्वसाधारण सभेत प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली ठेवून प्लास्टिकवर ठराव होतो, हे मी बघितलंय.

कचरावेचकांचा उल्लेख वेगळा करतो, कारण आराखड्यांतून तो हटकून गळतो. सुका कचरा क्षेपणभूमीपर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला काढण्याचं काम आपल्या शहरांत हेच लोक करत आलेत, तेही पालिकेचा रुपया न घेता. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या पाठबळावर उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पालिकेबरोबर घरोघरी संकलन करते, आणि वेचलेल्या सुक्याच्या विक्रीचे पैसे वेचकांना मिळतात. त्यामुळे कचरा वेगळा करण्यात त्यांचा स्वतःचा फायदा असतो. वजनावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराचा फायदा नेमका उलट दिशेला असतो.

आणि इथेच सगळी गोम आहे. ठेका जर टनावर असेल तर शहरात कचरा कमी होणं कोणालाच नको असतं. त्याहून वाईट म्हणजे किमान हमी वजनाचं कलम. समजा १५ किंवा २० वर्षांच्या करारात रोज १८ टन कचरा पुरवण्याची हमी पालिकेने दिली. उद्या सोसायट्यांनी खत केलं, बाजार समितीने बायोगॅस उभारला आणि रोजचे ४ टन कमी झाले, तर न आलेल्या ४ टनांसाठीही पालिका पैसे मोजणार. म्हणजे करारावर सही होताच प्रतिबंध हा पालिकेसाठी तोट्याचा धंदा झाला. कचऱ्यापासून ऊर्जा बनवणाऱ्या प्रकल्पांत हे कलम हमखास सापडतं, कारण भट्टीला रोज ठरावीक माल लागतो. अशा करारावर सही करणाऱ्या पालिकेचा आराखडा प्रतिबंधावर कितीही पानं खर्च करो, ती पानं कराराने आधीच रद्द केलेली असतात. म्हणून आराखडा आणि करार एकत्रच मागवायचे. नुसता आराखडा वाचून मत देणारा सल्लागार मला तरी अपुरा वाटतो.

आता अर्ज कसा करायचा. माहिती अधिकारात ‘आराखड्याची प्रत द्या’ एवढंच लिहू नका. तसं लिहिलं तर ‘उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर मिळतं. सर्वसाधारण सभेत आराखडा मंजूर झाल्याच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागा. तो राज्याला पाठवल्याचं जावक पत्र मागा. पालिकेने प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलेले गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल मागा. २०१६ च्या नियमांत हा नमुना ४ होता आणि तो दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा होता. या अहवालात किती टन निघाला, किती गोळा झाला, किती प्रक्रियेत गेला हे पालिकेनेच भरून दिलेलं असतं. ते आकडे वजनकाट्याच्या पावत्यांशी आणि ठेकेदाराच्या बिलांशी ताडून बघा. तीन कागदांवर तीन वेगळे आकडे असणं ही इतकी सर्रास गोष्ट आहे की जुळले तर मी पुन्हा तपासतो. सोबत मोठ्या कचरानिर्मात्यांची यादी, उपविधी लागू झाल्याची तारीख आणि ठेक्यातली दर व किमान हमीची कलमं. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर कलम १९ खाली आणखी ३० दिवसांत पहिलं अपील.

कागद हाती आले की आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा, कारण वर्षातून किमान दोनदा नियमांच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्याचं काम त्यांचं होतं आणि पाहणी अहवालही माहिती अधिकारात मिळतात. मग हरित लवाद. आपल्याकडचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. तिथे मुदतीचं भान ठेवा. कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, तर नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. दोन्हींत पुरेसं कारण दाखवलं तर ६० दिवस वाढू शकतात. आराखडाच नाही ही कसूर रोज चालू असते असा युक्तिवाद होतो, पण त्यावर विसंबून अर्ज रेंगाळू देऊ नका. पालिकेचं नकारात्मक लेखी उत्तर आलं, त्या तारखेपासून महिने मोजायला लागा.

अर्जात मागणी काय लिहिता यालाही महत्त्व आहे. ‘डेपो आमच्या वस्तीजवळून हलवा’ अशी मागणी केली तर तो हलतो, दुसऱ्या गावाच्या उशाशी जातो. पुण्याचा कोथरूडचा डेपो बंद झाला तेव्हा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या वाट्याला आला आणि तिथल्या लोकांनी पुढे वर्षानुवर्षं आंदोलनं केली. त्यापेक्षा मुदतबंद आराखडा, मोठ्या निर्मात्यांची सक्तीची नोंदणी, मिश्र कचऱ्याची गाडी डेपोवर नाकारणं आणि नव्या निविदेत किमान हमीचं कलम न घालणं, अशा मागण्या लिहा. चालू ठेका कधी संपतो ती तारीख आधी शोधा. संपण्याच्या आधी सहा-आठ महिने निविदेचा मसुदा तयार होत असतो, आणि अटी बदलून घ्यायची संधी तेवढ्याच काळात असते.